टोबियासच्या बापाचे डोळे

१ फेब्रुवारी १९०४, सोमवार

माणसाला बारा तास कोंडून ठेवलं की आधी भूक लागते, मग राग येतो आणि शेवटी चित्र सुचतं. मला सुचलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सकाळी सातला शाळेचे सचिव बारागानसाहेब यांनी आम्हा दोघा उमेदवारांना, फेर्मिनला आणि मला, वेगवेगळ्या कक्षांत कुलूपबंद केलं. त्याआधी स्पर्धेचा विषय वाचून दाखवला: टोबियास आपल्या आंधळ्या बापाच्या डोळ्यांना माशाचं पित्त लावतो आणि बापाला दिसू लागतं. पुस्तक नाही, मॉडेल नाही, कुणाचा सल्ला नाही. डोक्यात असेल तेवढंच.

मी दिसू लागल्याचा क्षण घेतला. म्हातारा एक हात उचलून थेट मुलाच्या तोंडाकडे बघतोय. सगळं चित्र त्या नजरेवर उभं आहे. फेर्मिनने काय काढलं ते त्याचं त्याला ठाऊक. संध्याकाळी दोन्ही रेखाटनं लाखेची मोहर लावून कपाटात गेली. आता सात आठवड्यांत मोठं तैलचित्र करायचं आणि ते मोहरबंद रेखाटनाबरहुकूम उतरायला हवं. हात वीतभर सरकला, नजर फिरली, की उमेदवार बाद. पहिल्या दिवशी जे सुचेल त्याच्याशी लग्न लागतं, आणि काडीमोड नाही.

मला सत्तावीस पूर्ण झाली. स्पर्धा चार वर्षांतून एकदा होते आणि तिशीनंतर बसू देत नाहीत. जिंकेल त्याला ही चित्रशाळा रोमला शिकायला पाठवते. जिन्यातल्या फळीवर आजवर गेलेल्यांची एकतीस नावं आहेत, सगळी पुरुषांची. बत्तिसावं माझं लागलं नाही तर मी जन्मभर सराफांच्या मुलींना गुलाबाची फुलं काढायला शिकवणार. हे आजच लिहून ठेवते, म्हणजे मागून ‘मला कुठे एवढी पडली होती’ असं म्हणता येणार नाही.

२ फेब्रुवारी

कांदेलारियाचा सण. आईने मक्याच्या पिठाचे तमाल केले आणि गल्लीभर वाटताना प्रत्येकीला सांगितलं की हासिंता रोमला चालली. मी म्हटलं, “आई, अजून कॅनव्हास ताणलासुद्धा नाही.” तर म्हणते, “मग ताण की. तुला कुणी अडवलंय?”

८ फेब्रुवारी, सोमवार

शाळा त्यांना ‘कक्ष’ म्हणते, आम्ही खुराडी म्हणतो. माझं आणि फेर्मिनचं खुराडं शेजारी शेजारी, मध्ये फळ्यांची भिंत. आत जाताना शिपाई खिसे चाचपतो, मी बाई म्हणून माझ्यासाठी शिपायाची बायको येते आणि ती गुदगुल्या करते. कागदाचा चिटोरा नेता येत नाही, म्हणून ही वही घरी, जेवणाआधी.

म्हाताऱ्याचं मॉडेल आम्हा दोघांना एकच, अतानासिओबाबा. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्याकडे, बाकीचे तीन दिवस फेर्मिनकडे. बाबाचं वय अडुसष्ट. एक्केचाळीस वर्षं तो या शाळेच्या चौथऱ्यावर उभा राहतोय. देशातल्या निम्म्या देवळांत जो संत पेद्रो आहे तो हाच, आणि जुन्या नोटेवर नांगर धरलेला शेतकरीही हाच. प्लास्टरच्या पुतळ्यांच्या कोठारामागची एक खोली शाळेने त्याला राहायला दिली आहे.

आल्या आल्या म्हणाला, “चार डायरेक्टर माझा गुडघा काढून मोठे झाले, पोरी. तू तर डोळ्यांपर्यंत पोचलीस.”

“गुडघ्याचं कौतुक नंतर. हात वर.”

हात असा उचलला की मी लगेच कोळसा उचलला. अर्धा तास हलला नाही. आजकालच्या पोरांना पाच मिनिटांत मुंग्या येतात.

१७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

बाबाच्या कपाळावर राख होती, माझ्याही. हात, खांदा, दाढी झकास चाललंय. फक्त डोळे त्रास देतात. मुलाचं तोंड जिथे येणार तिथे मी भिंतीवर लाल मेणाचा ठिपका चिकटवला आहे आणि बाबाला त्याकडे बघायला सांगितलंय. तो बघतो, पण नजर ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे जाते. “ठिपक्याकडे, बाबा.” “ठिपक्याकडेच बघतोय की.” “डावीकडे बघताय.” मग उजवीकडे सरकतो आणि पलीकडे जातो. दिवसभर आमचं हेच. शेवटी मी डोळे खरवडून टाकले.

१८ फेब्रुवारी

आज बाबा फेर्मिनकडे. मी एकटी कपड्यांच्या चुण्या काढत होते. पुएब्ला गावचं ते खेचर, फेर्मिन, भिंतीपलीकडे दिवसभर बडबडतं. “आता मी डावीकडे आलो, बाबा. आता खाली वाकलो. आता तेल ओततोय.” स्वतःच्या हालचालींचं एवढं कौतुक मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. दुपारी मी फळीवर ठोकलं.

“फेर्मिन, शिंकलास की तेही सांग.”

“राणीसाहेबांना झोप येत नाही वाटतं?”

बाबा मोठ्याने हसला. दोघांचं चांगलंच मेतकूट जमलंय. मला ते आवडलं नाही, उगाच खोटं का लिहू?

२४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सगळ्या शाळेची करमणूक झाली. जिन्याच्या वळणावरचा मल्लाचा प्लास्टरचा पुतळा धुण्यासाठी कोनाड्यातून काढून पायरीपाशी ठेवला होता. बाबा वर येत होता. पुतळ्याला धडकला आणि टोपी काढून म्हणाला, “माफ करा, साहेब, जरा वाट द्या.” वीस पोरं खो खो हसली. बाबाही हसला, पण उशिरा. कुणीतरी म्हणालं, उपासाच्या दिवसांतही म्हाताऱ्याची पुल्केची दारू सुटत नाही.

माझ्याकडे आला तर टर्पेन्टाइनची बाटली लाथाडली. नजर आज तर छताकडेच. पुन्हा खरवडलं.

२९ फेब्रुवारी, सोमवार

आज मी त्याची परीक्षा घेतली. बाबा संत्रं सोलत बसला होता तेवढ्यात लाल ठिपका गुपचूप काढून हातभर उजवीकडे चिकटवला. मग म्हटलं, “बसा, बाबा. ठिपका दिसतोय?”

“लख्ख.”

आणि बघत होता जुन्याच जागी. कोऱ्या भिंतीकडे! पुन्हा विचारलं, तर म्हणतो, “लाल आहे, छान आहे, आता काढ बघू.” भरल्या घरात म्हातारी माणसं मुलांची थट्टा करतात तशी थट्टा. पण एकोणीस दिवस उरलेत आणि माझ्या चित्रात बापाच्या तोंडावर दोन खड्डे आहेत.

४ मार्च, शुक्रवार

काल जिन्यात मी वर होते, ते दोघं खालून येत होते. फेर्मिनने बाबाचं कोपर धरलं होतं आणि कानात काहीतरी पुटपुटत होता, “बारा, तेरा, चौदा”. मला पाहिल्याबरोबर कोपर सोडलं आणि मोजणं थांबलं. मोजत कसले होते? मला तर एकच अर्थ लागतो. फेर्मिनने त्याला फितवलंय. त्याच्याकडे इमानाने बसायचं आणि माझ्याकडे डोळे भिरभिरवायचे. रेखाटनात नजर मुलावर आहे. ती साधली नाही की मी आपोआप बाद.

रात्री आईला बोलून दाखवलं. आई म्हणाली, “तो म्हातारा? तो तुला लहानपणी कडेवर घेऊन पुतळे दाखवायचा.” खरं आहे. माझे वडील शाळेची पुस्तकं बांधायचे, तेव्हाची गोष्ट. म्हणून तर जास्त लागतं.

७ मार्च, सोमवार

तक्रार केली. आज बाबाने पाय चुकून माझ्या पॅलेटवर दिला आणि ‘काही सांडलं का’ असं विचारलं, तेव्हा माझा तोल गेला. तशीच रंगाच्या हातांनी बारागानसाहेबांकडे गेले. ते चष्मा पुसत ऐकत होते.

“फेर्मिनचं म्हणतेस त्याला पुरावा आहे?”

“नाही.”

“मग ते सोड. मॉडेल दारूच्या नशेत येतो, असं लेखी देतेस?”

मला पुतळ्याची मागितलेली माफी आठवली, बाटली आठवली.

“देते.”

“नियम ठाऊक आहे ना? शाळेच्या माणसावर खोटी तक्रार निघाली तर उमेदवार स्पर्धेतून बाद. ही शाळा देशाला बघायला शिकवण्यासाठी काढली, हासिंता. आपसांत डोळे फोडण्यासाठी नाही.”

“मी जे पाहिलं तेच लिहिते, साहेब.” आणि सही ठोकली.

८ मार्च, मंगळवार

सकाळी दहाला सुनावणी. बाबा स्वच्छ सदरा घालून आला होता. बारागाननी विचारलं, “अतानासिओ, प्यायलेला असतोस का?”

दारात उभा असलेला फेर्मिन एकदम ओरडला, “बाबा, सांगा ना!” बाबाने हात वर करून त्याला थांबवलं. मग टेबलावरच्या दौतीला सांगावं तसं म्हणाला, “हो, साहेब. पितो. पुल्के. पोरीचं बरोबर आहे.”

मला तरी वास आला नाही, पण मी लांब उभी होते. सही म्हणून फुली मारायला सांगितली तर ती कागद सोडून टेबलावर मारली. बारागान खेकसले, “कागदावर, कागदावर! सकाळी दहाला ही तऱ्हा?” ईस्टरपर्यंत कामावरून दूर, खोलीची किल्ली जमा. बाबा शोचिमिल्कोला पुतणीकडे गेला.

फेर्मिनचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. चोरी उघडी पडली की असंच होतं. जाताना मला म्हणाला, “झालं समाधान?” मी म्हटलं, “चित्र झाल्यावर होईल.” हे उत्तर तेव्हा मला फार झणझणीत वाटलं होतं. आता घरी बसून लिहिताना तेवढं वाटत नाही.

१२ मार्च, शनिवार

नवा मॉडेल मिळाला, निवृत्त सार्जंट. हात बाबासारखा उचलता येत नाही, पण चित्रातला हात आधीच झालेला आहे. नजर मात्र खिळ्यासारखी. ठिपका दाखवला की तिथेच ठोकली. दोन दिवसांत डोळे झाले! आज लांबून पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. बाप मुलाला बघतोय. दाढी एकाची नि डोळे एकाचे, पण ते माझ्याशिवाय कुणाला कळणार?

फेर्मिनने बदली मॉडेल नाकारला. भिंतीपलीकडे आता आवाजच नाही. इतके दिवस बडबडीने डोकं उठायचं, आता शांततेने उठतं.

१८ मार्च, शुक्रवार

मोहरा फोडल्या.

आधी माझं. रेखाटन चित्राशेजारी धरलं. परीक्षक असलेल्या दोन प्राध्यापकांनी दोऱ्याने मापं घेतली. हात, मान, नजर, सगळं तंतोतंत. एकजण ‘हं’ म्हणाला. या शाळेत ‘हं’ म्हणजे तोफांची सलामी.

मग फेर्मिनचं. त्याच्या रेखाटनात पित्त लावण्याच्या आधीचा क्षण होता. बापाने तोंड वर केलेलं, डोळे सताड उघडे आणि रिकामे. तळहाताएवढ्या कागदावर ते डोळे असे होते की मी खाली बघितलं. मॉडेल नसताना, डोक्यातून काढलेले! कुठून आणले कोण जाणे.

आणि मोठ्या चित्रावरचं फडकं काढलं तर बापाच्या डोळ्यांवर मुलाचा तळहात. डोळे नाहीतच. रंग ओला होता, परवा-तेरवाच काढलेला असणार. त्या दोघांतले म्हातारे प्राध्यापक पुढे होऊन त्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, “या खोलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हा हात आहे. बाद.”

फेर्मिन म्हणाला, “मान्य.”

अंगणात मी त्याला गाठलं. “अरे गाढवा, रेखाटनातले डोळे तसेच ठेवले असतेस तर मी हरले असते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“डोळे जमेनात.”

“तुला? जमेनात?”

“राणीसाहेब, तुम्ही जिंकताय ना? मग जिंका की.” आणि गेला.

भ्याला, दुसरं काय. बारागान जाता जाता म्हणाले की निकाल नऊ एप्रिलला, पण आईला बॅग काढायला सांगायला हरकत नाही. मी आनंदात आहे. हे वाक्य दोनदा वाचलं. आहेच मी आनंदात.

२६ मार्च, शनिवार

सूचनाफलकावर नव्या डायरेक्टरांचा हुकूम: दारूच्या कारणावरून दूर केलेल्या कोणाही नोकराला यापुढे परत घेतलं जाणार नाही. दोन शिपायांवरून निघालाय म्हणे, माझ्या तक्रारीवरून नाही. मी शिपायाला खोदून खोदून विचारलं. नाहीच.

५ एप्रिल, मंगळवार

आजचं कसं लिहू?

काल चित्रं लोकांसाठी मांडली. माझं खिडकीसमोर. समोरच्या भिंतीवर फेर्मिनचं लागायचं होतं, पण बाद चित्र लावत नाहीत, म्हणून तिथे नुसता खिळा. आज दुपारी गर्दी ओसरली होती तेव्हा बाबा आला. स्वच्छ सदरा, हातात टोपी. मी खांबाआड सरकले, तोंड दाखवायची लाज वाटली. तो सावकाश दालनाच्या मधोमध आला, वळला आणि त्या खिळ्यासमोर उभा राहिला. कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला. मी हलले तशी जमिनीची फळी वाजली.

“कोण, हासिंता ना? तुझ्या बुटांचा आवाज कळतो मला. छान झालंय, पोरी. हात तर अगदी माझा. दाढी जरा जास्त पांढरी केलीस.”

मला वाटलं, अजून हा माझी थट्टाच करतोय. “बाबा, पुरे आता,” असं म्हणत पुढे गेले, त्याच्या तोंडासमोर उभी राहिले आणि जीभ काढून दाखवली. पाच वर्षांची असताना दाखवायची तशी. त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तो माझ्या कानाशेजारून त्या खिळ्याकडे बघत कौतुकाने मान डोलवत होता.

मग एकेक करून सगळं माझ्या अंगावर कोसळलं. ठिपका, पुतळा, बाटली, टेबलावरची फुली, बारा तेरा चौदा.

मी त्याचं कोपर धरून पुतळ्यांच्या कोठारात नेलं. बसायच्या आधीच रडायला लागले.

“अगं, रडतेस काय? दोन वर्षं झाली. आधी कडा गेल्या, मग मधलं. डॉक्टर म्हणाला, उपाय नाही. माशाचं पित्तसुद्धा लावून बघितलं, गंमत नाही करत. नुसती आग झाली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“कुणालाच नाही सांगितलं. फेर्मिनने ओळखलं, त्याच्या आजीचे डोळे असेच गेले होते. आंधळ्याला शाळा ठेवत नाही, पोरी. चौथऱ्यावरून पडला तर नाव खराब. पण पिणाऱ्याला ठेवते! मला तरुणपणापासून नऊदा हाकललंय आणि नऊदा परत घेतलंय. म्हणून मी म्हटलं, हो साहेब, पितो.”

“आणि फेर्मिनचं चित्र?”

“ते डोळे झाले होते पुरे. मग माझी सुनावणी झाली आणि तो शोचिमिल्कोला आला. म्हणाला, बाबा, हे चित्र भिंतीवर लागलं की बारागान त्या डोळ्यांकडे बघणार, मग तुमच्याकडे बघणार, आणि संपलं. मी म्हटलं, मूर्खा, राहू दे. ऐकतोय कुठे.” मग म्हणाला, “परवा बारागानकडे जायचंय. खोलीची किल्ली परत मिळेल. पुतणी चांगली आहे, पण तिथे मला भिंती ठाऊक नाहीत.”

फलकावरचा हुकूम त्याला कुणी वाचून दाखवला नव्हता. मी सांगितला. त्याने हातातली टोपी दोनदा फिरवली.

“मग चुकलंच माझं,” म्हणाला.

६ एप्रिल

दिवसभर हिशेब मांडतेय. तो प्यायलेला होता असं राहिलं तर हुकमाप्रमाणे तो बाहेर. तो आंधळा आहे असं सांगितलं तरी बाहेर. तो प्यायलेलाही नव्हता आणि धडधाकट आहे असं ठरायला हवं. म्हणजे मी खोटी तक्रार केली असं ठरायला हवं.

फेर्मिनकडे गेले. त्याला म्हटलं, दुसरी काही वाट असेल तर सांग, तू हुशार आहेस. तो बराच वेळ ब्रश धूत राहिला. “मला सापडली असती तर मी हात काढला असता का?”

मला रोमला जायचंय. मला जायचंय, जायचंय, जायचंय. आईने वडिलांचा कोट उसवून माझ्यासाठी प्रवासाचा झगा बेतलाय. बाबा अडुसष्टचा आहे, मी सत्तावीसची आहे, असंही मनात येऊन गेलं. आलं ते लिहिलं.

७ एप्रिल, गुरुवार

बारागान टेबलामागे. बाबा उभा. मी तक्रारदार म्हणून हजर, फेर्मिन साक्षीदार म्हणून स्वतःच घुसलेला.

“अतानासिओ, माझा इलाज नाही,” बारागान म्हणाले. “हुकूम ऐकलास ना?”

मी म्हटलं, “साहेब, ते प्यायलेले नव्हते. माझी तक्रार खोटी होती.”

“काय?”

“मला डोळे जमत नव्हते. राग आला, म्हणून लिहिलं.”

“विचार करून बोल, मुली. परवा निकाल आहे.”

बाबा मध्येच गरजला, “खोटं बोलतेय ती! मी प्यायलो होतो. तांब्याभर पुल्के!”

“नव्हते प्यायले!”

“अगं, माझ्या पोटात काय होतं ते मला माहीत का तुला?”

“साहेब, मी सगळे दिवस शेजारच्या खुराड्यात होतो,” फेर्मिन म्हणाला. “थेंबसुद्धा नाही. आणि ही बाई डोळे खरवडून खरवडून मेटाकुटीला आली होती, ते मी ऐकत होतो.”

“तू गप रे!” बाबा त्याच्या दिशेने हात नाचवत म्हणाला. “एकाचं गेलं ते पुरे नाही का?”

बारागाननी टेबलावर थाप मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे पाहिलं, बराच वेळ. चष्मा काढला, पुसला, लावला.

“हासिंता, शेवटचं विचारतो. खोटी?”

मी मनात म्हटलं, अजून कुणीतरी काहीतरी बोला.

“खोटी.”

“मग तू स्पर्धेतून बाद. आणि अतानासिओवरचा ठपका रद्द. अतानासिओ, पुढे येऊन सही कर.”

खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. मी चटकन त्याचं कोपर धरलं, माफी मागतेय असं दाखवत त्याचा हात कपाळाला लावला आणि तोच हात धरून बोट कागदाच्या कडेला टेकवलं. फुली बरोबर पडली. एवढ्या वेळात बारागान उठून खिडकीबाहेर बघत होते. त्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, दुसरं काही नाही. काय बघत होते कुणास ठाऊक.

वळून म्हणाले, “आणि हे बघा, म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून एकट्याने आणू नका. दमतो तो.”

९ एप्रिल, शनिवार

निकाल: या खेपेस कोणीही पात्र नाही. आईने अर्धा शिवलेला झगा घडी घालून पेटीत ठेवला. दोन दिवस बोलली नव्हती, आज बोलली. “वेडी आहेस तू. बापासारखी वेडी आहेस.” मग तोंड वळवून रडली आणि मीही रडले, वेगवेगळ्या खोल्यांत.

पश्चात्ताप होतो का? होतो. सकाळी उठल्याबरोबर होतो. फेर्मिन तेवीसचा आहे, त्याला पुन्हा बसता येईल. मला नाही. फेर्मिन परवा आला होता, संत्री घेऊन. म्हणाला, “राणीसाहेब, मी तुम्हाला दुष्ट समजत होतो.” मी म्हटलं, “अजूनही समज. मी तुला लबाड समजत होते, ते मला जास्त सोपं जात होतं.”

१७ एप्रिल, रविवार

चित्र घरी आणलं. आईच्या शिवणाच्या खोलीत मावेना, म्हणून दार काढून आत घेतलं. सार्जंटचे डोळे खरवडले. चांगले झाले होते हो ते.

सकाळी फेर्मिन बाबाला घेऊन आला. आईने त्याला खिडकीपाशी बसवलं, चॉकलेट दिलं. बाबाने हात उचलला आणि विचारलं, “कुठे बघू?”

“कुठेही बघू नका.”

चार तास मी रंगवत होते. डोळे आले. मी आजवर जे काही काढलंय त्यात असं काहीच नाही. फेर्मिन मागे येऊन उभा राहिला आणि त्याने ‘हं’सुद्धा म्हटलं नाही, भिंतीला टेकून खाली बसला. आई शिवण सोडून आली, चित्राकडे पाहिलं, मग बाबाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

“झालं का?” बाबाने विचारलं. “आता कुठे लावणार?”

“कुठेच नाही. तुम्ही जिवंत आहात तोवर हे कुणाला दाखवता येणार नाही.”

तो हसायला लागला. “मग पंचाईतच आहे की तुझी.”

“आहेच,” मी म्हटलं. “शंभर वर्षं जगा, थेरडेबुवा.”